गुळाच्या दोन ढेपा उतरल्या तेव्हा

पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळात तराजूवरून गुळाची एक ढेप उतरवली... तरी पारडी बरोबरीत येईनात. मग दुसरी उतरवली... आणि मंडपात हशा अन् टाळ्या!

दुसऱ्या पारड्यात बसले होते माझे वडील, अण्णा. पूर्णेच्या शाळेतले मास्तर.

काळ निजामाचा. आज नव्वदी ओलांडलीय मी, पण तो दिवस जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. मी सांगतेय, नात टाइप करतेय...

माझं लग्न झालं की लागोपाठ दोन वर्षं अण्णांची गुळाची तुळा करायची, असा आईचा नवस होता. दुसऱ्या तुळेसाठी मी सासरहून, वालूरहून आले. वर्षभरानं बघत होते अण्णांना.

आदल्या वर्षी अण्णा असे भरभक्कम, की ऐनवेळी आणखी गूळ आणायला माणूस पिटाळला होता! तेव्हा सुटलेलं पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण... यंदा तेवढाच गूळ मांडला, तर दोन ढेपा जास्त झाल्या.

आई खुशीत होती. "बघ की, कसं हलकं झालंय अंग. आता चालताना दम लागत न्हाई."

मी मात्र त्यांच्या कोटाकडे बघत होते. तो खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

"अण्णा, जेवण जातंय का?"

"दोन घासांतच पोट भरायलंय बघ. छातीत जळजळ व्हायलीय. वय झालं, दुसरं काय!"

झालं... बैलगाडी मी घराकडे वळवूच दिली नाही. थेट परभणी! नवी सासुरवाशीण वडिलांना हुकूम सोडतेय... गाडीत आई माझ्याकडे पाठ करून बसली.

परभणीच्या डॉक्टरसाहेबांनी पोट चाचपलं. मग विचारलं, "मास्टरसाब, खाना जानबूझ के कम करे क्या?"

"न्हाई हो."

"तो फिर वजन गया किधर?"

डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "वजन अपनेआप गया तो खुश नै होना," ते म्हणाले. "हैदराबाद जाओ. देर मत करो."

हैदराबादच्या दवाखान्यात पोटाच्या वरच्या तोंडाशी गाठ सापडली. कॅन्सर... हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पोटाचा तेवढा भाग कापून काढायचा होता, आणि माणूस परत येईल याची खात्री कुणी देत नव्हतं.

आत नेताना अण्णांनी माझा हात दाबला. "भिऊ नकोस. पोरांचं व्याकरण लय कच्चं हाय, मला जायला फुरसत न्हाई."

आई अन् मी बाहेर बाकावर. ती तोंडात पदर कोंबून... मी नरसिंहाला आळवत.

सर्जन बाहेर आले. ते म्हणाले, गाठ पसरलेली नव्हती, सगळी काढली! आईनं मला असं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या...

काही आठवड्यांनी आमची गाडी पूर्णेच्या फलाटाला लागली. अण्णा आपल्या पायांनी उतरले! मी नाचायचंच तेवढं बाकी होतं.

शेजारचे काका न्यायला आले होते. त्यांचा चेहराच पडला. "मास्तर, लय वाळलात हो!"

"वाळलो," अण्णा म्हणाले, "पण हाय ना!"

हे टाइप करणारी माझी नात डॉक्टर आहे. ती सांगते, वाजवीपेक्षा जास्त वजनानं पोटाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि रोग जडला की तेच वजन आपोआप उतरायला लागतं. आम्ही तर दोन्ही वेळा कौतुकच करत होतो...

अण्णा पुढे बरीच वर्षं जगले. थोडं थोडं जेवायचे, पण चवीनं. माझ्या थोरलीचं नाव त्यांनीच ठेवलं, तिला मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली.

परभणीच्या त्या डॉक्टरसाहेबांचं नाव आता काही केल्या आठवत नाही... पण जिथं असतील तिथं त्यांना माझा सलाम पोचो.