काकांना बोलायचं होतं

माझे काका शिंपी. पँट शिवावी तर त्यांनीच, असं गिऱ्हाईकं म्हणत. गेल्या वर्षी मात्र त्यांची कात्री चालेना. हात ठणठणीत, पण कापडावर खडूने रेघा मारून झाल्या की अडायचं. पुसायच्या, पुन्हा मारायच्या. एका नवरदेवाचं लग्न लागलं, पँट टेबलावरच राहिली.

"हे हाताचं नाही, मनाचं आहे," असं स्वतःशीच ठरवून त्यांनी गुपचूप समुपदेशक शोधायला घेतला. पहिल्या बाई फक्त जोडप्यांची भांडणं सोडवत. दुसऱ्या गृहस्थांनी फोनवर दहावीचे टक्के विचारले. काका म्हणाले, "नापास." तिकडून धीर मिळाला, "घाबरू नका, शिवणकाम शिका."

तिसऱ्या बाई मात्र हव्या तशा निघाल्या. "या, निवांत बोलू," म्हणाल्या. मग काका आरशापुढे उभे राहून तिथे काय बोलायचं ते पुटपुटायला लागले. काकूने ते पाहिलं आणि बातमी घरभर झाली.

आमच्याकडे डॉक्टरकडे कुणाला एकटं पाठवत नाहीत. साधा दात काढायचा तरी घर रिकामं होतं. तेव्हा काकू आणि माझे बाबा निघाले, गाडी चालवायला मी. खोलीत खुर्च्या दोनच. बाईंनी बाहेरून स्टुलं आणवली.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी काकांना विचारलं.

"त्याला काही वाटत नाही, म्हणून तर आणलंय," बाबा म्हणाले.

बाईंनी आम्हाला बाहेर बसायला सुचवलं. काकू म्हणाली, "अहो, त्यांना सांगता येत नाही. मी सांगते ना." बाईंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "असू द्या." मग काकूने त्यांची झोप सांगितली, बाबांनी लहानपण सांगितलं. वेळ संपली.

जिना उतरताना काका म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. मी बोललो असतो."

"मग तोंड काय शिवलं होतं?" काकू म्हणाली. काका हसले.

पुढच्या खेपेला बाईंनी त्यांना एकट्यालाच बोलावलं. काकूने शर्टाला इस्त्री करून ठेवली. काका उठलेच नाहीत. "आता नवीन काय सांगू? तुम्ही सगळं सांगून आलात."

दुकानात आता कापायला दुसरा माणूस आहे. काका काजं करतात, बटणं लावतात. जेवताना काकू मधूनच विचारते, "त्या दिवशी काय बोलणार होतात हो?"

"विसरलो," काका म्हणतात आणि तिला वाढतात.

ती जेवायला लागते. त्यांच्याऐवजी बोलायची तिची सवय आता बरीच कमी झाली आहे.