हात रिकामा नको

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि मी काही पोटात गोष्टी ठेवणारी बाई नव्हे – सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरीला तोंडावर सुनावते, रिक्षावाल्याशी भांडते, ऑफिसात साहेबांच्या टेबलावरचा पसारा बघून "सर, हे काय आहे?" असं विचारायलाही कमी करत नाही. पण ही एक गोष्ट ओठांशी आली की मी उठते आणि ओटा पुसायला घेते. ओटा स्वच्छच असतो. तरी पुसते.

तुम्ही कदाचित मला ओळखतही असाल. सीवूड्स-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये शनिवारी दुपारी मी आवराआवरीचे वर्ग घेते. नोकरी बेलापूरला, एका ऑफिसात ॲडमिनची. वर्ग हौस म्हणून सुरू केले होते, आता बायका वाट बघत असतात. 'हात रिकामा नको'वाल्या मॅडम म्हणतात मला.

पद्धत एवढीच. "येत्या रविवारी सगळं घर काढते" असं म्हणायचं नाही. म्हणालात की मेलात. दुपारपर्यंत कपाटातलं सगळं पलंगावर येतं, बाई मध्ये बसून जुने फोटो बघत राहते आणि संध्याकाळी सगळं तसंच्या तसं कोंबलं जातं. त्यापेक्षा उठलात ना, आता उठलाच आहात, तर हात रिकामा नको. हॉलमधून स्वयंपाकघरात चाललात, जाताना कप न्या. आंघोळीला चाललात, खुर्चीवरचा टॉवेल न्या. दूध तापायला ठेवलंय, तोवर एक फळी पुसा – एकच. ऑफिसात चहाला उठताना टेबलावरचा एक कागद त्याच्या फायलीत. आणि घरातलं जे कधीच लागत नाही, त्यातलं एक काहीतरी रोज बाहेर जाताना हातात. झालं. टेन्शन नाही, थकवा नाही, आणि हळूहळू घर मोकळं होतं.

ही पद्धत चालते. आजही छातीठोकपणे सांगते. पद्धतीत खोट नाही – खोट कुठे आहे तेच सांगायला बसलेय.

'हात रिकामा नको' हे शब्द माझे नाहीत. आईंचे आहेत, माझ्या सासूबाईंचे. त्या सारसोळ्याच्या, खाडीकाठच्या. त्यांच्या घरातून कुणीही निघालं – पाहुणा असो, मीटर बघायला आलेला असो – की त्या उंबऱ्यापाशी अडवायच्या. "थांब गो. हात रिकामा नको." मग एका डब्यात सुकट, नाहीतर दोन बोंबील, नाहीतर नारळाची वडी. काहीच नसलं तर करवंटीत मूठभर तांदूळ घालून द्यायच्या. आणि डबा परत मागायच्या नाहीत. कुणाच्या घरून डबा परत आलाच तर त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं.

म्हणून त्या डबे जमवायच्या. कळतंय ना? श्रीखंडाचे डबे, कॉफीच्या बाटल्या, झाकणं हरवलेल्या बरण्या आणि बरण्या हरवलेली झाकणं, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, करवंट्या. सासरे गेल्यावर गावातलं घर दिरांकडे राहिलं आणि आई आमच्याकडे फ्लॅटवर आल्या, तेव्हा टेम्पोतून हे सगळं आलं. माझ्या पांढऱ्या स्वयंपाकघरात.

लाज वाटायची मला. आता काय लपवायचं? ऑफिसातल्या मैत्रिणी यायच्या, आणि दार उघडताच सुकटीचा वास. मी मासे आवडीने खाते – पण वास मात्र नको होता. आणि शनिवारी चार बायकांना मी सांगणार, घर असं ठेवा, तसं ठेवा, आणि माझ्याच बाल्कनीत करवंट्यांची उतरंड!

भांडायचं होतं ना? भांडण मला येतं. "आई, हे सगळं मला नको आहे," एवढं तोंडावर म्हटलं असतं तर त्या रागावल्या असत्या, दोन दिवस फुगून बसल्या असत्या, मग निम्मे डबे मावशीकडे – त्यांची बहीण, ती गावातच राहते – पाठवले असते. मिटलं असतं. मग का नाही भांडले? कारण मला निम्मे नको होते. मला एकही नको होता. आणि वाईटपणाही नको होता.

मग मी माझीच पद्धत वापरली. रोज ऑफिसला निघताना, आई पूजेला बसलेल्या असताना, एक वस्तू पर्समध्ये. गेटपाशी सुक्या कचऱ्याचा निळा डबा आहे – त्यात टाकायची आणि पुढे चालायला लागायचं. एका वेळी एकच. लहान सवयीचा हाच तर गुण, कुणाच्या लक्षात येत नाही.

आईंच्या लक्षात आलं.

मावशी येणार होती, तिला द्यायला त्यांनी आंबोशी, वाळवलेल्या कैरीच्या फोडी, काढून ठेवली होती; भरायला डबा हवा होता. संध्याकाळी मला विचारलं, "अगो, तो पांढरा डबा बघितलास?" आणि मी चपला काढता काढता म्हटलं, "तुम्हीच ठेवला असेल ना कुठेतरी."

किती सहज! मी विचारसुद्धा केला नव्हता, काय उत्तर द्यायचं याचा. आपोआप आलं. आणि एकदा आलं ते येतच राहिलं. "विसरलात वाटतं." "अहो आई, परवा तुम्हीच नाही का वॉचमनला दिलात त्यातून काहीतरी?" – हे तर धडधडीत. वॉचमनला त्यांनी काही दिलंच नव्हतं.

सुरुवातीला त्या ऐकून घ्यायच्या नाहीत. "नाय गो, मना चांगलं आठवतं!" असं ठणकावून सांगायच्या. आणि खरंच आठवायचं. आज तिथी कुठली एवढं सांगा, भरती किती वाजता ते फोन न बघता सांगायच्या. गावात कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाच्या हळदीला पाऊस आला होता, सगळं तोंडपाठ. अशा बाईशी मी वाद घालत होते, आणि जिंकत होते. कशाच्या जोरावर? डबा माझ्याच पर्समधून गेला होता त्या जोरावर.

मग ठणकावणं कमी झालं. मग त्या कपाट उघडून नुसत्या उभ्या राहायला लागल्या. ओठांनी काहीतरी मोजल्यासारखं करायच्या, दार लावायच्या, पुन्हा उघडायच्या. मी बघत होते. मला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

रोज सकाळी त्या सारसोळ्याला जायच्या – जेट्टीवर, होड्या आल्या की मासळी बघायला, मावशीबरोबर दोन घटका बसायला. एके दिवशी गेल्याच नाहीत. हरेशने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, "आये, आज नाय गेलीस?" मुलगा त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलतो. तर म्हणाल्या, "रस्ता चुकलू तर?"

रस्ता! जन्म गेला त्यांचा त्या रस्त्यावर. इथे टॉवर नव्हते, स्टेशन नव्हतं, तेव्हापासून त्या पायाखालची वाट चालत होत्या. मी शेजारीच उभी होते, हातात डबा होता माझा, ऑफिसचा. आणि त्याच दिवशी निघताना मी बाल्कनीतली एक करवंटी उचलली, पर्समध्ये टाकली आणि गेले.

हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं असं तुम्हाला वाटेल. नाही. अजून आहे.

सासऱ्यांचा एक अडकित्ता होता. पितळी, वर मोर, दांडे हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. आई दुपारी सुपारी कातरत बसायच्या त्याने. स्वतः फारशा खायच्या नाहीत, पण मावशी आली की तिच्यासाठी. तो काही अडगळीत मोडत नव्हता, हे मलाही कळत होतं. एका शनिवारी वर्गातल्या बायका माझं घर बघायला येणार होत्या, आणि टीपॉयवर तो अडकित्ता, भोवती सुपारीचा चुरा. इतकी चिडले! चुरा पुसला आणि अडकित्ता पर्समध्ये टाकला. सोमवारी निळ्या डब्यापाशी गेले तर टाकवेना. जड लागत होता हाताला. शेवटी ऑफिसात नेला आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. त्या टेबलाचं उदाहरण देतात आमच्याकडे – मॅडमचा खण बघा, प्रत्येक वस्तूला जागा.

डब्यांबद्दल आईंनी मला विचारलं तरी होतं. अडकित्त्याबद्दल विचारलंच नाही. पलंगाखाली वाकून बघितलं, देवघरामागे बघितलं, तांदळाच्या डब्यात हात घालून बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून निजल्या. विचारलं असतं तर मी दिला असता का? आजही मला ठाम सांगता येत नाही.

हरेशने त्यांना डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. मी सुट्टी घेतली – सून म्हणून कर्तव्य! डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. आईंनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग त्रास काय होतो, आजी?" आई मान खाली घालून म्हणाल्या, "वस्तू हरवतान. डबं हरवलं. यांचा अडकित्ता पन हरवला मी." आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. आपलं खरं आहे ना हे कुणीतरी सांगावं, तशा. "हाय ना गो? तूच सांग."

मी मान हलवली. हो म्हणून.

तेच ते. इतकी वर्षं ओटा पुसत होते ते याच मानेपायी. डबे राहू देत, करवंट्या राहू देत – घरात भांड्याला भांडं लागतं, सासवा-सुना काय काय करतात. पण एका धडधाकट बाईने भरल्या डोळ्यांनी विचारलं, माझं डोकं चालत नाही ना, आणि मला ठाऊक होतं ते चालतंय, खणखणीत चालतंय – आणि मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी वयाचं निमित्त सांगून ताकदीच्या गोळ्या दिल्या. रोज सकाळी पाण्याचा पेला मीच पुढे करते. त्या दिवसानंतर मी घरातली एकही वस्तू गुपचूप बाहेर नेली नाही. पण न्यायला तरी काय उरलं होतं? आणि आई काही परत पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. जेट्टीवर जात नाहीत. भरती विचारली तर म्हणतात, फोनवर बघ. मावशी येते, चहा पिते, निघते, आणि आई उंबऱ्यापर्यंत येऊन नुसत्या उभ्या राहतात. द्यायचं कशात? घरात डबा नाही.

वर्गातल्या बायकांना त्या कौतुकाने सांगतात, "माजी सून हाय म्हनून घर हाय. मना काय आठवत नाय." बायका माझ्याकडे आदराने बघतात. मी सरबत पुढे करते.

मागच्या महिन्यात मी अडकित्ता घरी आणला. बरेच दिवस मनात घोळत होतं. सांगायचंच, असंही ठरवलं होतं – ऑफिसातून निघताना ठरवलं होतं, स्टेशनवर उतरले तोवर ठरलेलंच होतं. घरी आले, आई गॅलरीत होत्या, हरेश आला नव्हता. यापेक्षा बरी वेळ ती कुठली? आणि मी काय केलं – तर त्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीमागे, अडकित्ता ठेवून दिला. म्हटलं, सापडेल. आनंद होईल. बोलायची गरजच पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या गडबडीत होते. आई खोलीतून बाहेर आल्या. दोन्ही हातांत अडकित्ता धरलेला. आनंद कसला? चेहरा पांढराफटक.

"इथंच व्हता गो," म्हणाल्या. "माज्या लुगड्यामागं. आनि मना इतकी वर्सं दिसला नाय."

मी पर्सची चेन लावत होते. बोलायला एवढंच होतं – आई, नेला मी होता, ठेवलाही मीच. लहान मूल बोलेल एवढं. मी म्हटलं, "असू दे आई. सापडला ना?"

त्यांनी तो पदराने पुसला, मोरावरून अंगठा फिरवला. मग माझ्या मागे दारापर्यंत आल्या. मी चपला घातल्या, तर त्यांनी अडकित्ता माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

"माज्याकडं नको. परत हरवल. तुज्याकडं काय हरवत नाय," म्हणाल्या. "ने. हात रिकामा नको."

मी घेतला. आत्ता तो ऑफिसातच आहे, खालच्या खणात, होता तिथेच.