दुष्फेन पाणी आणि आठ शिपाई

लग्न होऊन नांदेडहून लातूरला आले तेव्हा माझ्या सामानात एक बुटांचं खोकं होतं. त्यात ब्रश, रंगाच्या इवल्या बाटल्या आणि बोटाएवढे प्लास्टिकचे आठ शिपाई. अंगभर चिलखत, हातात भाले आणि रंग अजून कशालाच नाही.

हा नाद मला मोठ्या भावानं लावला. नांदेडला त्याच्यासारखे पाच-सहा जण आहेत, एक दातांचा डॉक्टर, एक मुदखेडला रेल्वेत, असे. दर रविवारी जमतात आणि माना खाली घालून शिपाई रंगवतात. त्या हिवाळ्यात त्यांनी एका मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरवलं. भावाचा फोन आला.

"काय करून राहिलीस? तुझे आठ शिपाई पाहिजेत मला. टेबल धरून ठेवलंय."

तीन आठवडे हातात होते. "आणते की," म्हणाले.

चिलखताला आधी काळा हात द्यायचा, त्यावर चंदेरी रंग. मग वॉश. वॉश म्हणजे पाणी घालून पातळ केलेला काळपट रंग. तो वाहत जाऊन खाचांत बसतो, आणि कोऱ्या चमच्यासारखं दिसणारं चिलखत बघता बघता खरं लोखंड होतं. ते होताना पाहायला मला इतकं आवडतं की वॉश लावताना मी श्वास रोखून धरते.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिल्या शिपायाला वॉश लावला. तासाभरानं पाहते तर छातीवर पांढरे डाग! चुन्याची बोटं पुसल्यासारखे.

वाटलं, खालचा रंग ओला राहिला असेल. दुसऱ्याला पूर्ण दिवस वाळू दिलं. तरी तेच. तिसऱ्याला आधी चकचकीत वार्निश दिलं. त्यावरून वॉश असा झुळझुळ खाचांत उतरला की मी टाळीच वाजवली. वाळल्यावर पुन्हा पांढरी रांगोळी. भावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "वॉशच्या पाण्यात साबणाचा थेंब टाक, पसरेल चांगला." मी अंघोळीचा साबण पाण्यात घोळवला. फेस काही येईना. उलट वर फाटल्या दुधासारखे कण तरंगायला लागले. तरीही हट्टानं ते चौथ्याला लावलं. चौथा शिपाई ताकाच्या रांजणातून बाहेर काढल्यासारखा दिसायला लागला.

माझ्या सासऱ्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. त्यांना मी मामा म्हणते. चौथ्याचं हे झालं त्या दुपारी ते जेवायला आले, हात धुतले आणि टेबलाशी थांबले.

"चांगलं चकचकीत होतं की. काळं कशाला फासलीस?"

"जुनं दिसावं म्हणून, मामा."

"जुनं?" त्यांनी कपाळाला हात लावला. "माझा जन्म गेला जुनं भांडं नवं करण्यात. आन् सून नव्याचं जुनं करायलीय!"

सासूबाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. त्यांना मी अत्या म्हणते. त्या पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला, चौथा शिपाई उचलून उजेडात धरला आणि खुदकन हसल्या.

"अगं, हे आपल्या गिलासावर येतंय तेच हाय की!"

"कुठल्या ग्लासावर?"

"कुठल्या म्हंजे? बोअरचं पाणी वाळलं की पांढरं राहतंय. त्या पाण्यात डाळ पण शिजत न्हाई. म्हणून तर मी वरण जारच्या पाण्यात लावते. तू कुठलं पाणी घेतलीस?"

"नळाचं," मी म्हणाले.

"आन् नळाला कुठलं येतंय?"

मी ब्रश खाली ठेवला. नांदेडला आमच्या घरी नळाला गोदावरीचं पाणी यायचं. पाणी वाळून मागं काही उरतं हे मी डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण पुस्तकात वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, शिकवत होते. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ज्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही ते दुष्फेन पाणी, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबण टाकला की साका तयार होतो. त्याच आठवड्यात हे सगळं मी फळ्यावर लिहिलं होतं, आकृतीसकट!

हे अत्यांना सांगताना मला असं हसू फुटलं की बोलताच येईना. "मी... मी हेच... शिकवते..." एवढंच तोंडातून निघत होतं. मला पाहून अत्या हसायला लागल्या, आणि आम्हा दोघींना पाहून मामा. त्यांची भाकरी ताटात गार होत होती.

मग कामाला वेग आला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन जिन्याखाली होता. ते शुद्ध केलेलं पाणी, त्यात क्षाराचा कणही नसतो. त्यात नवा वॉश कालवला. पहिल्या तिघांवरचे डाग लिंबू पिळलेल्या पाण्यात कापसाची काडी बुडवून हळूहळू काढले. चौथा मात्र हाताबाहेर गेला होता. तो घासून पहिल्यापासून रंगवला. नवा वॉश वाळला. पांढरं कुठं औषधालाही नाही. मी घरभर उड्या मारल्या.

पण उड्या थांबल्यावर नीट पाहिलं. आनंदाच्या भरात मी सगळ्यांना वॉश इतका सढळ हातानं फासला होता की चमकच गेली होती. आठही जण राखेत लोळून आलेले.

मामा ते बघून दुकानात गेले आणि संध्याकाळी तांब्याचा एक जुना नक्षीचा पेला घेऊन आले.

"हे बघ. नक्षीतलं काळं आम्ही काढत न्हाई. ते काढलं तर नक्षी दिसतच न्हाई. पण वरच्या कडा घासायच्या. हाताला लागतंय तेवढंच चमकायला पाहिजे."

मग मला एकदम सुचलं. ब्रशवर चंदेरी रंग घेतला, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा केला आणि चिलखताच्या उंच कडांवरून नुसता फिरवला. खांदे उजळले, शिरस्त्राणाची धार उजळली, खाचा काळ्याच राहिल्या. मामा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "गुडघा राहिला." मग, "त्या तिसऱ्याचं कोपर." आठही शिपाई होईपर्यंत ते उठले नाहीत.

प्रदर्शनाला येतो असंही तेच म्हणाले. आम्ही सकाळच्या एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. खोकं पूर्ण वाटभर त्यांच्या मांडीवर होतं. कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तर त्याच्यावर डोळे वटारले. हॉलमध्ये भावानं टेबल मांडून ठेवलं होतं. मी चहा घ्यायला गेले. परत येते तर टेबलापुढं गर्दी, आणि मामा आतल्या बाजूला उभे, एक शिपाई तळहातावर घेऊन.

"हात लावून बघा. लोखंड वाटतंय का न्हाई? प्लास्टिक हाय! खाचेतलं काळं बघा, ते मुद्दाम हाय. बॅटरीच्या पाण्यातलं काम हाय, डाग पडणार न्हाई."

भाऊ माझ्या कानाशी आला. "तुझ्या सासऱ्यांनी तीन जणांना घोडेस्वार कबूल केलेत."

"कधीपर्यंत?"

"पुढच्या महिन्यात म्हणून राहिले."

मला घोडा रंगवता येत नाही. हे सांगायला मी पुढं झाले, तेवढ्यात मामांनी माझ्याकडं बोट केलं आणि गर्दीला मोठ्यानं म्हणाले, "ही आमची कारागीर!"

घोड्याचं सांगायचं राहिलंच. मी खोकं उघडलं आणि उरलेले शिपाई एकेक करून बाहेर काढायला लागले.