बोलोन्याची तालीम

आमच्या ओळखीतले लोक इटलीला गेले की दहा दिवसांत पाच शहरं उरकून येतात. बायकोला तसं नको होतं. तिला एकाच शहरात दोन महिने राहायचं होतं, पिशवी घेऊन भाजीला जायचं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी ओळख करायची होती. लग्नापासून तिची प्रत्येक मोठी रजा पुण्यात गेली, कुणाच्या तरी लग्नात नाहीतर कुणाच्या तरी आजारपणात. "साठी यायच्या आत एकदा मी निवडलेल्या गावात राहायचंय," ती म्हणाली. तिने बोलोन्या निवडलं, कारण तिथल्या बऱ्याच रस्त्यांच्या कडेने कमानींचं छप्पर आहे. ऊन-पाऊस लागत नाही आणि शहराच्या मध्यभागी चढही फारसा नाही.

मी भित्रा माणूस आहे. कॅनबेरात एका सरकारी खात्यात बजेटचं काम करतो, त्यामुळे माझी भीती आकड्यांत बोलते आणि लोकांना ती शिस्त वाटते. बायको काही वर्षांपासून इन्शुलिनवर आहे. दंडावर लावायचा सेन्सर वापरून पाहिला, पण त्याच्या चिकटपट्टीने पुरळ उठलं. म्हणून अजून बोटाला टोचून साखर मोजतो. ऑस्ट्रेलियातला मीटर सहा, सात असे आकडे दाखवतो. इटलीत, पुण्यासारखंच, शंभर, सव्वाशे असं मोजतात. अठराने गुणलं की झालं. पण घाईच्या वेळी तिथला डॉक्टर आमच्या मीटरवर तीन वाचेल आणि मशीन बिघडलंय म्हणेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. फ्लॅटचे पैसे भरले होते. ठरावीक मुदतीपर्यंत बुकिंग रद्द केलं तर ते पूर्ण परत मिळणार होते. त्या मुदतीच्या आत मला खात्री करून घ्यायची होती.

म्हणून मी रंगीत तालीम सुचवली. आठवडाभर मेलबर्नमध्ये, गावाच्या मधोमध, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं. गाडी नाही, ओळखीपाळखी नाहीत, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, तोही लिफ्टशिवाय. मुलगी ग्लेन वेव्हर्लीला राहते, शहरापासून ट्रेनने तासाच्या आत. तिच्याकडेही जायचं नाही आणि तिला बोलवायचंही नाही.

"बाबा, आर यू सिरियस?" मुलगी स्पीकरफोनवर म्हणाली. "मेलबर्नला येऊन माझ्याकडे नाही राहणार?"

"बोलोन्यात तू असणार आहेस का?"

"आई, ही इज मॅड."

"तुला आज कळलं?" बायको म्हणाली. "माझ्या गळ्यात तीस वर्षांपासून आहे."

पहिल्या दिवशी जिन्यात मीच धापा टाकत थांबलो. ती वर पोचून कठड्यावरून वाकली. "अहो, तालीम नक्की कुणाची आहे?"

फ्लॅट जुना होता. दाराला आतून चेन होती. आमच्या कॅनबेरातल्या, गुंगालिनच्या घराचं दार ओढलं की आपोआप लागतं, तिथे कडीचा विचारही मनात येत नाही. पण इथे मी बाहेर पडलो की ती लगेच चेन लावायची. दुपारी घरात एकटी असलीस तर कडी लाव, हे तिला लहानपणापासून सांगितलेलं. मला ते जरा गमतीचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी दही आणि पालेभाजी आणायला गेलो. भाजी घेतली आणि घरी परतायच्या ऐवजी ट्रामने पुढे गेलो. सर्वांत जवळच्या हॉस्पिटलचं इमर्जन्सीचं दार कुठल्या बाजूला आहे आणि तिथून फ्लॅटपर्यंत चालत किती वेळ लागतो, ते मला बघायचं होतं. बोलोन्यातही पहिल्या दिवशी हेच करायचं मी ठरवून ठेवलं होतं. मी त्या दाराशी उभा असताना तिचा मेसेज आला: वरण झालंय, कधी येताय? मी लिहिलं, आलोच.

एरवी मी मिनिटांचा हिशोब ठेवणारा माणूस. पण आलोच लिहिताना कोण हिशोब करतो? चालून पाहायचं राहू दिलं आणि घाईने ट्राम पकडली, तर पुढे रुळांवर एक गाडी बंद पडलेली. ट्राम जागची हलेना, दोन स्टॉपांच्या मध्ये ड्रायव्हर दारही उघडेना. तिकडे बायकोने माझं उत्तर वाचून इन्शुलिन टोचून घेतलं, कारण ते जेवायच्या अगदी आधी घ्यायचं असतं. आणि मग ती माझी वाट बघत बसली. मी घरी जेवणार असलो की ती माझ्याआधी कधी जेवलेली नाही. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. जेवून घे, असंही नव्हतं.

किल्ली फिरली, दार चार बोटं उघडलं आणि चेनला अडलं. फटीतून ती दिसली. टेबलाशी बसली होती, दोन ताटं मांडलेली, चेहरा घामाने निथळत होता.

"अगं, चेन काढ."

तिने माझ्याकडे बघितलं. "कोण पाहिजे?"

"अगं, मी आहे."

"ते घरी नाहीयेत. बाहेर गेलेत. नंतर या."

दारावर येणाऱ्या विक्रेत्याशी ती ज्या आवाजात बोलते, तोच आवाज. नम्र, आणि पुढे बोलणं संपवणारा.

मी ट्रिपल झीरोला, म्हणजे इथल्या अँब्युलन्सच्या नंबरला, फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, पेशंट शुद्धीवर आहे का, बोलतेय का, काय म्हणतेय. मी इंग्रजीत सांगितलं, "मी घरी नाही असं म्हणतेय." ती पुन्हा सांगा म्हणाली. मी खांद्याने दार ढकललं. सिनेमात चेन तुटते. ही तुटली नाही.

तिची साखर उतरली तर लागेल म्हणून रसाचा एक छोटा खोका माझ्या खिशात कायम असतो. स्ट्रॉ खुपसून मी तो फटीतून आत धरला. "हे पी आधी. पी बघू."

"मी अनोळखी माणसाकडून काही घेत नाही," ती म्हणाली. तिची मान टेबलाकडे झुकत चालली होती.

माझा हात आत कोपरापर्यंत जात होता. ती त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर होती आणि तिला उठवायचं तर माझ्या नवरेपणाचा काही उपयोग नव्हता. मी आवाज बदलला. "वहिनी," मी म्हणालो, "साहेबांनी पाठवलंय हे. तुम्ही लगेच प्यायचंय, असा निरोप आहे."

मान वर झाली. "ते कुठे आहेत?"

"खाली आहेत. येतायत."

ती टेबल धरून उठली. एकेक पाऊल टाकत आली आणि खोका घेतला. "तुम्हाला चहा विचारला असता," ती म्हणाली, "पण ते नाहीत ना घरी."

"असू दे, वहिनी. तुम्ही आधी प्या."

ती तिथेच दाराशी जमिनीवर बसली आणि प्यायली. फोनवरची बाई काय काय विचारत होती, मला आठवत नाही. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अहो, बाहेर का उभे तुम्ही?"

पण अशी चेन काढायची तर आधी दार बंद करावं लागतं. इतका वेळ ती निदान दिसत होती. मी तिला सांगितलं, दार ओढतोय, मग चेन काढ. आणि मी माझ्या हाताने दार ओढून घेतलं. आत काहीच आवाज नव्हता. त्या बंद दाराकडे बघत मी जेवढा घाबरलो, तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. मग चेन खडखडली.

अँब्युलन्सची माणसं आली तोवर मीटरवरचा आकडा चारच्या, म्हणजे सत्तरच्या आसपास चढला होता. त्यांनी तिला वरणभात खायला लावला आणि मलाच खुर्चीत बसवून माझं ब्लड प्रेशर तपासलं. "शी इज ऑल राइट, मेट. तू श्वास घे."

मुलीला मीच फोन केला. ती आली, आईला घट्ट धरून बसली आणि मला म्हणाली, "कॅन्सल इट. टुनाइट." मी हो म्हणालो. बायकोला कुणी विचारलं नाही. आम्ही कॅनबेराला परत आलो.

घरी मी बुकिंग उघडलं, तेव्हा ती शेजारी येऊन बसली. "मी दाराशी काय बोलले, ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

मी सांगितलं. वहिनी ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला हसू आलं नाही. "तुझं सगळं इंग्रजी गेलं होतं," मी म्हणालो. "फक्त मराठी उरलं होतं. बोलोन्यात तू असं बोललीस तर समजणारा मी एकटा. आणि मी दारापर्यंत पोचलोच नाही तर?"

तिने डोळे पुसले. "तुम्ही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाता," ती म्हणाली. "त्या तिन्ही दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी इथे एकटी असते. शेजारच्या घरात कुणाला मराठी येतं?"

मी डाव्या-उजव्या शेजाऱ्यांची नावं आठवून पाहिली.

"बोलोन्या रद्द करायचं तर करा. मग सोमवारचं ऑफिसही रद्द करा."

सोमवारी मी ट्रामने ऑफिसला गेलो. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. मग तिने उचलला. "तोंडात घास आहे हो. एकटीनं जेवायला अजिबात बरं वाटत नाही."

"बरं वाटायची गरज नाही. जेव."

"जेवतेय ना! ठेवा आता."

मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. मी बुकिंग रद्द केलं नाही. भीती कमी झाली म्हणून नव्हे. ती इथे आणि तिथे सारखीच होती, आणि तिथे निदान मला ऑफिसला जायचं नव्हतं.