शब्द नसलेली फांदी

मी इंग्रजीत एम.ए. करतो आहे, असं सांगितलं की लोकांना वाटतं मला इंग्रजी येत असेल. लोकांचं काय! गोंदियातल्या आमच्या कॉलेजात त्या वर्गात दोन वर्षांत इंग्रजी तोंडातून निघाली ती फक्त हजेरीच्या वेळी. भाषाविज्ञानाचा पेपर, म्हणजे इंग्रजी वाक्याची रचना, सर हिंदीतून समजावायचे. आम्ही शंका आमच्या इकडच्या झाडीबोलीत विचारायचो. उत्तर कोणत्याच भाषेत मिळत नसे.

या पेपरात वाक्याची ट्री काढायची असते. उलटं झाड. मूळ वर, फांद्या खाली, प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेक शब्द लटकलेला. सरांना झाड एकच येत होतं. कुत्र्यानं मांजराचा पाठलाग केला, एवढीच बातमी देणारं वाक्य. पण ते फळ्यावर उभं करताना सर इतके रंगून जात की आम्ही बाहेर जाऊन समोसे खाऊन यायचो आणि कुत्रं अजून दुसऱ्या फांदीवरच असायचं.

खरे विभागप्रमुख गेटसमोरचे झेरॉक्सवाले. माणूस दहावी नापास, पण कोणत्या पानावर पेपर येतो हे त्यांना पेपर काढणाऱ्याच्या आधी कळायचं. "हेच येते जी. बाकी वाचू नोका," असं म्हणून ते नोट्सचा गठ्ठा हातात ठेवत. नोट्स कोणाच्या, देवाला माहीत. दरवर्षी झेरॉक्सची झेरॉक्स निघायची, अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची. सरही त्याच गठ्ठ्यावरून शिकवत.

सरांच्या त्या झाडात इंग्रजी शब्द पाच होते आणि फांद्या सहा. सहावी फांदी वरच्या टोकाजवळून निघून तिरपी उजव्या कडेपर्यंत जायची आणि तिथं नुसतीच संपायची. शब्द नाही, अक्षर नाही. आम्ही ती पट्टी लावून काढायचो. इतकी सरळ रेघ आमच्या वहीत दुसरी नव्हती.

माझं या पेपरात पोट अडकलं होतं. कुडव्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं, यंदा एम.ए. पास झालात तर कायम, नाही तर जागेवर दुसरा माणूस तयार आहे. बाकीचे पेपर निघाले होते. राहिला होता हा एक, आणि त्यातले अंतर्गत गुण सरांच्या हातात.

वर्गात आमगावहून पॅसेंजरनं येणारी एक बाई होती. माझ्याच वयाची, पण धानाच्या बांधीत एक फेरी मारून, पोरांचे डबे भरून यायची, म्हणून सगळे तिला काकू म्हणत. एक दिवस तिनं वर्गात उभं राहून विचारलं, "सर, या फांदीले शब्दच नाही. मंग हे फांदी कायले?"

सर दचकले नाहीत. तिथं शब्द आहे पण तो अदृश्य आहे, ही आधुनिक थिअरी आहे, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी. मी हसलो की कुडव्यापर्यंत ऐकू जातं.

आठवड्याभरात ती एक जुनी वही घेऊन आली. तिच्या नणंदेनं कधीकाळी याच कॉलेजातून एम.ए. केलं होतं, ही तिची हातानं लिहिलेली वही. झाड त्यात होतं, अक्षरन् अक्षर तेच. फांद्या पाच. नणंदेनं महत्त्वाचं पान म्हणून वरचा कोपरा चांगला मोठा दुमडून ठेवला होता. कोपरा सरळ केला तरी घडीची काळपट रेघ राहिली होती, तिरपी, उजव्या कडेपर्यंत. याच वहीच्या पहिल्या झेरॉक्समध्ये ती रेघ उतरली आणि तेव्हापासून पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या पट्टी लावून एका दुमडलेल्या कोपऱ्याचा अभ्यास करून राहिल्या होत्या.

मी तेव्हा टपरीवर चहा घेत होतो. ती म्हणाली, "चाला भाऊ, सरले दाखवू. तुमी बोलले तं आयकतील."

माझ्या डोळ्यांपुढं अंतर्गत गुण नाचले. म्हटलं, "तुमी होआ पुढं. मी चहा संपवून येतो."

तो चहा मी इतका सावकाश प्यायलो की त्यावर साय धरली, साय वाळली, आणि टपरीवाल्यानं दोनदा विचारलं की कप घरी न्यायचा आहे का. तोवर ती परत आली. सरांनी वही पाहिली, बंद केली, आणि अदृश्य शब्दाची थिअरी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. अंतर्गत गुणांत ती काठावर. मला जवळजवळ पैकीच्या पैकी.

परीक्षेत वाक्य बदललं. कोण्या मुलीनं पत्र लिहिलं होतं. कुत्रा नाही, मांजर नाही. आम्ही डगमगलो नाही. तेच झाड काढलं, त्यावर मुलगी आणि पत्र टांगलं, आणि सहावी फांदी पट्टीनं ओढून दिली. पेपर तपासायला बाहेरचे लोक. तो गठ्ठा पाहायला म्हणे तपासणाऱ्यांची अशी झुंबड उडाली, की तशी कचारगडच्या जत्रेतही उडत नाही. अख्खा वर्ग, अंतर्गत गुणांसकट, त्या फांदीवरून खाली पडला. पास झाली एकटी ती.

प्राचार्यांनी मला फेरपरीक्षेपर्यंत मुदत दिली, तीही तोंड वाकडं करून. सरांकडे जाण्यात अर्थ नव्हता. ते नवीन वर्गाला कुत्रं-मांजरच शिकवत होते. शेवटी गाडीला किक मारली आणि आमगाव गाठलं. तिच्या ओसरीत सतरंजीवर आमच्याच वर्गातले सात जण आधीच मान खाली घालून बसले होते. मी कोपऱ्यात जागा धरली.

ती उठली. आत गेली, चहाचा कप आणून माझ्यापुढं ठेवला.

"प्या भाऊ," ती म्हणाली. "सावकास प्या. तवर आमी सुरू करतो."

मी तो चहा एका घोटात संपवला. जीभ पोळली. मग वही उघडली आणि पट्टी पिशवीतच राहू दिली.