रविवारची वेणी

इथे सिंगापुरात आमच्याच मजल्यावर राहणारी ती मेळघाटातली कोरकू, वन-नॉर्थच्या संशोधन केंद्रात संशोधक. दर रविवारी येते, चपला दाराबाहेर भिंतीला लावून सरळ ठेवते आणि माझ्या लेकीची वेणी घालते. मी कंगवा हातात घेतला की लेक पळते, "पेनफुल लाह, मम्मी!" हिच्यापुढे मात्र डोळे मिटून बसते. ही कोरकूत काहीतरी गुणगुणते. मी स्वयंपाकघरात भांडी आपटते.

परवा न राहवून विचारलंच, "कुठे शिकलीस गं?"

"आईकडून, ताई. ती गेली आणि लगेच मला आश्रमशाळेत नेलं. उवा होतील म्हणून पहिल्याच दिवशी केस कापले. आईने घातलेली शेवटची वेणी अजून तशीच होती. कुणी सोडलीसुद्धा नाही, सरळ कात्री लावली."

हातातलं भांडं मी न आपटता खाली ठेवलं. तेवढ्यात लेक, माझ्याशी कधी बोलत नाही अशा स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, संध्याकाळी वेणी सोडायलाही तूच ये ना."

माझा पुन्हा जळफळाट झाला.

तिने लेकीला खांद्याला धरून हळूच माझ्याकडे वळवलं.

"मी फक्त घालते," ती म्हणाली. "सोडायला तुला आई आहे."