निर्गुडीची शेवटची जुडी

लालबागच्या नाक्यावर ती पाला विकायची. सगळे तिला मावशी म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर लाठ्या पडू लागल्या आणि तिच्या टोपलीत अळूच्या जागी निर्गुडी आली. पाला गरम करून सुजेवर बांधायचा, हे गिरणगावात पोरंसोरंही जाणत.

त्या सकाळी एकच जुडी उरली होती. मी सुजलेला गुडघा घेऊन उभा होतो. लाठी मला शिवलीही नव्हती. पळताना गटारात पडलो होतो. तेवढ्यात नाक्यावरचा पोलीस शिपाई साध्या कपड्यांत आला. सुजलेलं मनगट पुढे करून म्हणाला, "मावशी, मीपण कोकणातलाच. साहेबाचा हुकूम होता."

पानं चाळणारी तिची बोटं थांबली.

"हुकूम साहेबाचो, मगे हात तुझो कित्याक दुखता? माझो झील घराकडे पालथो पडलोहा, पाठ काळीनिळी झाली त्येची!"

मग ती माझ्यावर खेकसली, "आणि तुका काय झाला?"

"पडलो, मावशी."

"मगे हळद लाव, मेल्या. हो पालो माझ्या झिलाक."

जुडी पदराखाली धरून ती घरी मुलाकडे निघून गेली. शिपाई मनगट धरून तिथंच उभा राहिला. हळद लाव, एवढंही त्याला कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.